सासू बंद पडली

रज्जाकशेठच्या जिनिंगमध्ये वायरलेसनं पहिल्याच दिवशी चांगुणाबाईची भाकर पिंजली.

भाकर फडक्यात बांधून मशीनच्या तोंडाशी ठेवली होती, हे खरं. पण ती मशीन बंद होती, आणि बंद मशीनवर भाकर ठेवायची वहिवाट चांगुणाबाईनं अठरा वर्षं पाळली होती. शेठच्या मुलीनं, नाजिशनं, शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हातातल्या टॅबवर तीन नंबर दाबला आणि चालू झाली दहा नंबरची मशीन. मशीननं आपलं काम प्रामाणिकपणे केलं. फडकं पुढं रुईत गेलं, भाकर खाली सरकीत गेली आणि ठेचा रोलरला लागला. त्यानंतर पाऊण तास त्या मशीनमधून लालसर, झणझणीत वासाची रुई येत होती.

रज्जाकशेठचं जिनिंग अमडापूरच्या बाहेर, चिखलीच्या रस्त्याला. लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्यात ओळीनं बारा मशीन. कापूस पोटात घ्यायचा, सरकी खाली सोडायची आणि रुई पुढं ढकलायची, एवढंच त्यांचं काम. बाराही मशीन एकाच खटक्यावर चालत. चालल्या तर सगळ्या, थांबल्या तर सगळ्या. एकत्र कुटुंबात एकीचं पोट दुखलं की सगळ्यांचा स्वयंपाक थांबतो, तसं.

इतकी वर्षं त्यात कोणाला काही खटकलं नव्हतं, कारण कापूस एकसारखा येत होता. त्या वर्षी मात्र गुलाबी बोंडअळी आली. बीटीचं बियाणं नवं होतं तेव्हा अळीनं बोंडाला तोंड लावलं की ती मरते, असं सांगत. पंधरा वर्षांत अळीनं तोंड लावून लावून सवय करून घेतली. डिसेंबरातच लोक पऱ्हाटीत, उभ्या कपाशीतच, रोटाव्हेटर घालू लागले. जो कापूस घरात आला, तो अर्धा पांढरा आणि अर्धा किडका, पिवळा. त्याला कवडी म्हणतात. एकाच ट्रॉलीत वर पांढरा आणि खाली कवडी. दोन्ही एका मशीनमधून गेले की चांगली रुईही कवडीच्या पंगतीला बसायची. वेगळं काढायचं तर बाराही मशीन थांबवा, झाडा, पुन्हा चालू करा. दिवसातून चार-चार वेळा. आसपासच्या दोन जिनिंगवाल्यांनी यापेक्षा सोपा मार्ग काढला. त्यांनी कुलूप लावलं.

रज्जाकशेठही कुलूप बघत होते, तेवढ्यात त्यांची मुलगी नाजिश पुण्याहून परत आली. ती इंजिनिअर. गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी केलेली.

"अब्बू, प्रत्येक मशीनला एक छोटा डबा लावायचा," ती म्हणाली. "डबे एकमेकांशी हवेतून बोलतात. सकाळी चार मशीनवर पांढरा, आठवर कवडी. दुपारी गाड्या बघून उलटं. कुठं काही थांबवायचं नाही. कारखाना लवचिक करायचा."

"लवचिक म्हंजे?"

"वाकवू तसा वाकतो."

"बेटा, कारखाना वाकला त पत्रे डोक्शावर पडतीन."

पण मुलगी एकुलती होती, आणि कुलूप लावायचं तर कधीही लावता आलं असतं. शेठनी तिला एक हंगाम दिला. तेवढ्यात जमलं तर जिनिंग तिचं; नाही जमलं तर तिनं पुण्याची वाट धरायची आणि शेठनी शेडला कुलूप लावून घरी बसायचं. मशीनवर कापूस टाकणाऱ्या साठ बायकांनी कुठं बसायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं.

या सगळ्याला एकाच माणसाचा उघड विरोध होता. तो म्हणजे सहदेव फिटर. बावीस वर्षं तो एकटा त्या मशीनचा डॉक्टर होता. मुख्य पॅनलची किल्ली त्याच्या करदोट्याला असे; आंघोळीलाही ती निघत नसे. पुण्याच्या कंपनीची माणसं दोन-दोन शिंगांचे पांढरे डबे लावून गेली आणि शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला "आपला बिनवायरचा कारखाना" दाखवू लागले, तेव्हा सहदेवनं मनगटाएवढ्या जाड केबलीकडं बोट केलं.

"शेठ, बिनवायरचा हाय त हे काय लोंबून राह्यलं?"

"सहदेवकाका, वीज वायरीतूनच येते," नाजिश म्हणाली. "फक्त हुकूम हवेतून जातो."

"हवेतला हुकूम मशीन आयकन का? मायं तोंडावरचं आयकत नाई."

या डब्यांचा निषेध म्हणून त्यानं आपला मोबाइल घरीच ठेवायला सुरुवात केली. कंपनीनं त्याचा नंबर मागितला तेव्हा मात्र दिला. निषेध असला तरी यादीत नाव हवंच.

आता भाकरीचं झालं ते असं, की कंपनीच्या माणसांनी मशीनला नंबर पश्चिमेच्या भिंतीपासून दिले होते आणि कारखान्यातली माणसं दारापासून मोजत. म्हणजे कंपनीची तीन ती बायकांची दहा. पुन्हा नंबर घालायचे तर पुण्याची माणसं आठ दिवस येणार नव्हती. शेवटी चांगुणाबाईच पुढं आली. साठ बायकांची ती मुकादम.

"नंबर तुमच्या कागदावर, माय. आमच्या तोंडात नावं हायत. तेच टाक तुह्या पाटीवर."

"कुठली नावं, मावशी?"

"हे पाह्य. हे नवरी. नवी हाय, सारखी पुसा लागते. ते मुकी, आवाजच नाई तिले. ते सरपंचीण, कोणी पाह्यलं तरच काम करते. अन् हे मधातली सासू."

"सासू का?"

"सगळ्यात जुनी. सगळ्यात जास्त काम हेच करते, अन् दिवसभर कुरकुर करते."

नाजिशला ते पटलं. पुण्यात तिला शिकवलं होतं, की यंत्र वापरणाऱ्याच्या भाषेत बोललं पाहिजे. तिनं बाराही नावं टॅबवर टाकली. त्या दिवसापासून कारखाना असा काही चालला, की शेठनी दोनदा चहा मागवला. नवरी आणि मुकी पांढऱ्यावर, सासू आणि सरपंचीण कवडीवर, दुपारी अदलाबदल. भाकरी सुखरूप राहिल्या.

यंत्रणेत आणखी एक सोय होती. एखादी मशीन तापून थांबली की संबंधितांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा. मजकूर इंग्रजीत होता. नाजिशनं त्याचं शुद्ध मराठी केलं. जिथं मशीनचं नाव येणार तिथं मोकळी जागा, आणि पुढं: "बंद पडली. तापमान फार वाढले होते. ताबडतोब पोहोचावे." खाली जिनिंगचं नाव टाकायला अक्षरं पुरेनात.

"नाव कशाले पाह्यजे?" अकरम मुनीम म्हणाले. "आपल्याच लोकायले त जाते."

ही आपली माणसं कोण, ते ठरवायचं काम अकरम मुनीमजींकडंच होतं. "ज्याचा जिनिंगशी संबंध आहे, त्याचा नंबर टाका," एवढंच नाजिशनं सांगितलं होतं. मुनीमजी पन्नाशी उलटलेले, अतिशय काळजीपूर्वक काम करणारे गृहस्थ. लग्नाच्या पत्रिका लिहिताना वारलेल्यांची नावंही ते गाळत नसत, घरच्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांनी त्रेचाळीस नंबर भरले. शेठ, सहदेव, अडते, ट्रॅक्टरवाले, वीज मंडळाचा लाइनमन, औषधाचं दुकान, चहावाला. आणि सगळ्यात शेवटी रंगराव.

रंगराव हे एका सूतगिरणीचे खरेदी अधिकारी. पांढरी आणि कवडी वेगळी ठेवणारं जिनिंग ते जिल्हाभर शोधत होते. मंगळवारी दुपारी बारा वाजता ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर हंगाम संपेपर्यंतच्या रुईच्या सगळ्या गाठी सूतगिरणी घेणार. नाही पटलं, तर शेठनी कुलूप आणूनच ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला सासू बंद पडली.

तिला तसं काही झालं नव्हतं. उडणारी रुई रात्रंदिवस त्या पांढऱ्या डब्यावर बसत होती, आणि बसता बसता तिची चांगली जाड गोधडी झाली. गोधडी पांघरून बसल्यावर डब्याला उकडू लागलं. आपल्याला उकडतंय म्हणजे मशीनला ताप चढला, असा डब्यानं समज करून घेतला आणि नेमून दिल्याप्रमाणं सगळं थांबवलं. नाजिशनं सुरक्षेसाठी नियम केला होता: एक मशीन तापली की बाराही थांबतील, आणि फिटरनं येऊन पॅनलची किल्ली फिरवल्याशिवाय एकही चालू होणार नाही. भाकरीच्या प्रसंगानंतर ती फार सावध झाली होती.

त्याच क्षणी त्रेचाळीस मोबाइल वाजले. "सासू बंद पडली. तापमान फार वाढले होते. ताबडतोब पोहोचावे."

माणसाला कोणी "बंद पडली" म्हणत नाही, हे खरं आहे. पण वाईट बातमीचं व्याकरण तपासत बसणारा माणूस अमडापुरात नव्हता.

सहदेवचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. तो त्याच्या बायकोनं, समतानं उचलला. नवऱ्याच्या मोबाइलवर सासू म्हणजे आपली आई, हा हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. तिनं साखरखेर्ड्याला आईला फोन लावला. तो बंद. समताची आई तानाबाई फोन बंदच ठेवायची, बॅटरी झिजते म्हणून. पण त्या घडीला समताला हे आठवणं शक्य नव्हतं. शेजारणीला जिनिंगकडं पिटाळून ती रडत रडत फाट्याकडं निघाली.

शेजारीण धापा टाकत शेडच्या दारात आली, तेव्हा सहदेव पाना घेऊन सासूकडंच चालला होता.

"सहदेवभाऊ, सासू गेली!"

"कोठी गेली? आत्ता त येथीच होती."

"आवो, गेली म्हंजे गेली! ताप आला होता म्हणे."

"ताप मले ठाऊक हाय. आता पाह्यतो मी तिले. दोन ठोके हाणले का होते चालू."

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. "काय माणूस हाय बाप्पा! तिकडं समता फाट्यावर रडून राह्यली!"

"समता काऊन रडते मशीनीसाठी?"

"तुमची सासू, तानाबाई, साखरखेर्ड्याची!"

पाना सहदेवच्या हातातून पडला. सासू गेली आणि आपण तिला दोन ठोके हाणायची भाषा केली, हे समताच्या कानावर गेलं तर पुढचं आयुष्य कसं जाईल, हे त्याला लख्ख दिसलं. तो तसाच पळत सुटला. करदोट्याला किल्ली होती, तिच्यासकट.

शेठच्या घरी वेगळाच प्रकार झाला. शेठना मेसेजचा अर्थ नीट माहीत होता. पण तो आधी वाचला त्यांच्या पत्नी सलीमाबींनी.

"अम्मी गेली आणि तुमी चहा पिऊन राह्यले?"

"अगं, ते मशीन हाय."

"माझी अम्मी मशीन?"

"अम्मी नाही. सासू. सासू मशीन हाय."

"तीस वर्षं मी तुमच्या अम्मीची सेवा केली," सलीमाबी डोळे पुसत म्हणाल्या, "कधी तिले मशीन म्हटलं नाही."

यापुढं शेठनी चार वेळा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी प्रकरण आणखी बिघडलं. सलीमाबींच्या माहेरी, पिंपळगाव राजाला, फोन लावला, तर पलीकडं कोणी उचलेना. पाचव्या मिनिटाला गाडी पिंपळगाव राजाच्या रस्त्याला लागली. गाडी शेठच चालवत होते.

इकडं नाजिश शेडच्या दारात उभी. बाहेर कापसाच्या सतरा गाड्या. आत थंड पडलेल्या बारा मशीन. तिनं रंगरावांना फोन लावला, की साहेब, थोडं उशिरा आलात तरी चालेल.

"मॅडम, आज काही जमायचं नाही," पलीकडून रंगराव म्हणाले. "आमच्या सासूबाई... आत्ताच मेसेज आला. मी गाडी मेहकरकडं वळवली."

"साहेब, एक मिनिट, तो मेसेज..."

फोन बंद झाला. नाजिशनं अकरम मुनीमजींकडून यादी मागवली. यादी बघितली. मग ती गठ्ठ्यावर बसली.

बाजारात जाऊन आलेला चहावाला सांगत होता, की औषधाचं दुकान बंद आहे, लाइनमन शिडी खांबालाच सोडून गेला आहे आणि एक अडत्या अर्ध्या दाढीनं मोटारसायकलवर बसताना त्यानं स्वतः पाहिला. चहावाल्याची सासू मागच्याच वर्षी वारली होती, म्हणून तो गावात होता.

"लगेच दुसरा मेसेज टाकते," नाजिश म्हणाली, आणि तिनं टाकला: "घाबरू नये. सासू मशीन आहे."

चांगुणाबाईनं नातवाकडून वाचण्यापुरतं शिकून घेतलं होतं. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "माय, हे बरं नाई झालं."

"का?"

"दवाखान्यात लोकायले मशीनीवर ठेवते न? लोक म्हणतीन, जीव हाय, पण मशीनीवर हाय."

तसंच झालं. पहिल्या मेसेजवर ज्यांनी काणाडोळा केला होता, असे पाच-सहा जण दुसऱ्यावर निघाले. गेलेल्या माणसाकडं उद्या गेलं तरी चालतं. मशीनवर असलेल्याकडं आजच जावं लागतं.

मग नाजिश आणि चांगुणाबाई सासूजवळ गेल्या. चांगुणाबाईनं डब्यावरची रुईची गोधडी ओढून काढली आणि पदरानं तो पुसला. टॅबवर लगेच अक्षरं उमटली: सासूची तब्येत ठीक. पण किल्ली फिरल्याशिवाय काही चालू होईना. किल्ली साखरखेर्ड्याच्या वाटेवर होती आणि सहदेवचा मोबाइल त्याच्या घरात एकटाच वाजत होता.

"संपलं, मावशी," नाजिश म्हणाली. "साहेब उद्या आले तरी त्यांना काय दाखवू? सतरा गाड्यांत सगळा मिसळलेला माल. तो वेगळा करणाऱ्या मशीन बंद."

चांगुणाबाई दारापर्यंत जाऊन गाड्या बघून आली. "मशीन काई वेगळा करत नाई, माय. मशीन फक्त वेगळी वेगळी चालते. कापूस पाह्यते कोण? डोळे."

तिनं शेडकडं तोंड करून हाक मारली. "बाया हो, उठा! बसून काय अंडे देऊन राह्यल्या? ताडपत्र्या टाका बाहीर!"

साठ बायका बाहेर आल्या. आयुष्यभर बोंडातून कापूस वेचलेले हात होते. ट्रॉलीतून वेचणं त्यांना पोरखेळ वाटला. पांढरा उजवीकडं, कवडी डावीकडं. गाड्यांवर ताटकळलेले शेतकरीही खाली उतरले, आधी आपला माल कोणी कवडीत तर टाकत नाही ना हे बघायला, आणि मग बघता बघता हात लावायला. एक म्हातारा प्रत्येक किडक्या बोंडाला शिवी देऊन डावीकडं टाकत होता, त्यामुळं त्याचा हात जरा सावकाश चालत होता. नाजिशनं टॅब गठ्ठ्यावर ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि ती चांगुणाबाईशेजारी बसली. तिनं टाकलेल्यातलं निम्मं चांगुणाबाई न बोलता उचलून दुसऱ्या ढिगात टाकत होती.

साखरखेर्ड्याला तानाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. समता "आई वं" करत फाटकातून शिरली. मुलगी अशी रडत आली म्हणजे जावयाचं काही झालं, असं समजून तानाबाईनंही गळा काढला. दोघी गळ्यात गळा घालून रडत असताना जीपवाल्याला वाटेला लावून सहदेव आत आला. त्याला जिवंत बघून तानाबाई गप्प झाली. तानाबाईला जिवंत बघून सहदेवनं समताकडं पाहिलं. आणि समतानं आपलं काही चुकलंच नाही अशा थाटात डोळे पुसून "आलोच हावो त जेवूनच जाऊ" असं जाहीर केलं.

"मले काम हाय," सहदेव म्हणाला.

"दोन साल झाले, जावईबापू इकडं फिरकले नाई," तानाबाई म्हणाली. "आता मी मेली समजून त आले. बसा."

वांग्याची भाजी झाली, खीर झाली. हात धुताना पाणी पुसायला सहदेवनं कमरेचा पंचा ओढला, तेव्हा करदोट्याची किल्ली खणकन दगडावर आपटली. तो तसाच ओल्या हातांनी उठला.

सहदेव अमडापुरात पोहोचला तेव्हा चार वाजले होते. त्याच्या मागोमाग, पाच मिनिटांनी, एक पांढरी गाडी जिनिंगच्या फाटकात शिरली. रंगराव उतरले. डोळे सुजलेले, हातात डबा आणि चेहऱ्यावर मात्र लग्नातल्या यजमानासारखं हसू. नाजिश कपडे झटकत समोर गेली. तिनं दोन्ही हात जोडले.

"साहेब, आमच्या मेसेजमुळं तुम्हाला फार त्रास झाला. आमची चूक आहे..."

"तुमचा होता तो मेसेज?"

नाजिशनं सगळं सांगितलं. सासू म्हणजे कोण, डबा कसा तापला, यादी कशी झाली. रंगराव ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते तिथंच गठ्ठ्यावर बसले आणि एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मॅडम, अकरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं," ते म्हणाले. "मेव्हण्याच्या लग्नात मला फेटा बांधला नाही, त्यावरून. आज सुसाट गेलो. दारात कोणीतरी पांढऱ्या लुगड्यात पडवीला निजलेलं दिसलं. मी सरळ पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो. त्या दुपारच्या झोपल्या होत्या. उठून बसल्या. त्यांना वाटलं, जावई माफी मागतो आहे. आता त्या जिवंत आहेत म्हटल्यावर मी कसं सांगू, की माफी नव्हती मागत? डोक्यावरून हात फिरवला त्यांनी माझ्या." मग त्यांनी डबा पुढं केला. "लाडू आहेत. घ्या."

तेवढ्यात सहदेवनं किल्ली फिरवली. बारा मशीन एकदम गरजल्या. अंगणातल्या दोन ढिगांतला माल आत जाऊ लागला. रंगरावांनी नवरीच्या पुढ्यातली मूठभर रुई उचलली, उजेडात धरली, बोटांनी ओढून पाहिली. मग सासूकडची पाहिली. मग पुन्हा नवरीकडची.

"एक पिवळा तंतू नाही," ते म्हणाले. "सबंध जिल्ह्यात असं वेगळं केलेलं पाहिलं नाही. वायरलेसची कमाल आहे, मॅडम."

"साहेब, हे वायरलेसनं नाही केलं," नाजिश म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिच्यानं राहवलं नाही. "दिवसभर मशीन बंद होत्या. हे या बायकांनी हातानं निवडलं."

रंगराव तिच्याकडं कौतुकानं बघून हसले. "हाच विनय पुढं नेतो माणसाला," ते म्हणाले आणि अहवालात लिहिलं: बिनतारी यंत्रणेद्वारे मालाची उत्कृष्ट प्रतवारी. हंगामभराचा सगळा माल सूतगिरणी घेईल, असं त्यांनी तिथंच सांगितलं. अट एकच, रोजचा माल असाच हवा.

अट पुरी करायची तर कापूस रोज हातानं निवडायला हवा होता. त्यासाठी चांगुणाबाईनं आठवड्याभरात आणखी वीस बाया आणल्या. मशीन हवेतल्या हुकमावर चालवायच्या म्हणून केलेल्या खटपटीत जिनिंगमध्ये माणसं साठाची ऐंशी झाली. त्या डब्यांवर बसणारी रुई झटकायला दिवसातून तीनदा फेरी घालणं आलं, ते काम सहदेवकडं गेलं, म्हणून त्याचाही पगार वाढला. मंगळवारी संध्याकाळी पिंपळगाव राजाहून सासूच्या हातची बिर्याणी खाऊन परतलेल्या शेठनी त्या सौद्याचं ऐकलं होतं, तेव्हा त्यांना एवढंच कळलं, की कुलूप परत करायला हवं.

नाजिशनं सगळ्यात आधी ती यादी कापली. त्रेचाळीसचे तीन नंबर केले आणि मजकूर आखडून खाली जिनिंगचं नाव बसवलं. झालं ते झालं, पुन्हा असा गोंधळ नको.

पंधरा दिवसांनी समता ऑफिसात आली. तिच्याबरोबर आणखी सात-आठ बाया होत्या. अडत्याची बायको होती, लाइनमनची होती. सगळ्यांच्या मागं, दाराआड, सलीमाबीही उभ्या होत्या.

"ताई, तो मेसेज तुमी बंद केला म्हणे?" समतानं विचारलं.

"हो. माफ करा, तुम्हाला फार त्रास झाला त्या दिवशी."

"त्रास? आवो, मायेराले गेल्यावर कोणाले त्रास होते?" समता म्हणाली. "दोन साल झाले मी याह्यले म्हणून राह्यली, मले घेऊन चला, घेऊन चला. हे म्हणत, टाइम नाई. तुमचा मेसेज आला त कसा टाइम भेटला?"

"मग आता काय करू मी?"

"महिन्यातून एकडाव पाठवत जा न."

"अहो, पण मशीन बंद न पडता मेसेज कसा पाठवू? ते खोटं होईल."

"खोटं काऊन? खरंच बंद पाडा तिले."

नाजिशनं मदतीसाठी सहदेवकडं पाहिलं. तो खिडकीत उभा राहून मशीनवरून काढून आणलेला पांढरा डबा पुसत होता. वायरलेस आल्यापासून प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलेला तो माणूस. या वेळी मात्र त्यानं बराच वेळ डबाच पुसला.

"तसं पाह्यलं त," तो शेवटी म्हणाला, "जुनी मशीन हाय. महिन्यातून एक दिवस आराम भेटला त टिकन."

आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सासूची देखभाल असते. सकाळी साडेनऊला ती बंद होते, आणि पुन्हा जोडलेल्या जुन्या यादीतल्या त्रेचाळीस जणांना मेसेज जातो, खाली जिनिंगच्या नावासकट. घाबरत कोणी नाही. पण टाळताही येत नाही कोणाला, कारण मेसेज आधी बायकांनी वाचलेला असतो आणि पिशवी भरलेली असते.